मादाम क्युरींचे यजमान

दर वर्षी महिला दिनाला आपल्या मंडळात मादाम क्युरींचे नाव निघतेच. शाळेतली एखादी चुणचुणीत मुलगी त्यांच्यावर पाठ केलेले भाषण म्हणून दाखवते, आपण टाळ्या वाजवतो आणि तिला बक्षीस देतो. रेडियमचा शोध, दोन नोबेल पारितोषिके, परक्या देशात काढलेले हालाचे दिवस, हे सारे आता आपल्यापैकी बहुतेक जणींना तोंडपाठ झाले आहे. परंतु त्यांचे यजमान पिएर क्युरी ह्यांच्याविषयी त्या भाषणात एखादेच वाक्य असते. ते शास्त्रज्ञ होते आणि घोडागाडीखाली सापडून वारले, एवढे सांगून मुलगी पुढे जाते. एरवी बाईची ओळख नवऱ्याच्या नावाने करून द्यायची आपली चाल. इथे एका थोर पुरुषाची ओळख बायकोच्या नावाने उरली आहे. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा ह्या गृहस्थांचीच हकीगत आपल्या भगिनींना सांगावी असे माझ्या मनाने घेतले.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्रातले मला फार कळते असा आव मी आणत नाही. माझी मुलगी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकते. तिने आणून दिलेली पुस्तके मी दुपारची कामे आटोपल्यावर वाचली, जे अडले ते तिला विचारले, आणि ती सांगून सांगून कंटाळली तरी मी विचारणे सोडले नाही. त्यातून जे मला नीट उमगले तेवढेच येथे लिहीत आहे.

पिएर ह्यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिस शहरात झाला. वडील युजेन क्युरी हे डॉक्टर होते. पैसा फारसा गाठी नव्हता, पण मन मोठे. १८७१ साली पॅरिसमध्ये बंड होऊन भर रस्त्यांत लढाई जुंपली, तेव्हा ह्या डॉक्टरांनी आपल्या राहत्या घरात जखमींवर उपचार सुरू केले. पिएर तेव्हा अवघा बारा वर्षांचा आणि थोरला भाऊ जॅक पंधरा वर्षांचा. दोघेही भाऊ वडिलांबरोबर जखमी माणसे शोधून आणण्याच्या कामी हिंडले. असे ते घर होते.

आता जी गोष्ट सांगते ती ऐकून पुष्कळ आयांना नवल वाटेल. पिएर कधी शाळेत गेलाच नाही. मुलगा स्वभावाने स्वप्नाळू. एक विचार डोक्यात शिरला की तो पुरता संपेपर्यंत दुसऱ्याकडे वळायचा नाही. तास संपल्याची घंटा झाली, इतिहासाचे पुस्तक मिटा आणि गणिताचे उघडा, हे त्याला जमणारे नव्हते. लोकांना तो मंद वाटे. पुढे मोठेपणीसुद्धा ते स्वतःला मंद बुद्धीचेच समजत. परंतु आईवडिलांनी त्याला शाळेत कोंबून त्याचे मन मारले नाही. आईने घरीच लिहायवाचायला शिकवले, पुढे वडिलांनी आणि जॅकने शिकवले. बाकीचे शिक्षण वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटातून आणि गावाबाहेरच्या रानात झाडेपाने, बेडूक, किडे बघत हिंडण्यातून झाले. चौदाव्या वर्षी गणिताची चांगली शिकवणी लावली. आणि मग काय झाले? सोळाव्या वर्षी मुलगा पहिली परीक्षा पास झाला, अठराव्या वर्षी विज्ञानाचा पदवीधर झाला. मंद म्हणून ज्याला लोकांनी बाजूला काढले असते, तो मुलगा एका गोष्टीला चिकटून राहू शकत होता, एवढेच त्याचे वेगळेपण होते. आज आपण पाच वर्षांच्या पोराला ह्या क्लासातून त्या क्लासात पळवतो, तेव्हा ह्या माउलीची आठवण ठेवावी असे मला वाटते.

पदवी मिळाली तरी पुढे शिकायला पैसा नव्हता. १८७८ पासून पिएर पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात प्रयोगशाळेतले मदतनीस म्हणून काम करू लागले. जॅकही तेथेच खनिजांच्या प्रयोगशाळेत होते. दोघा भावांचे विलक्षण मेतकूट होते. त्यांनी मिळून स्फटिकांचा अभ्यास हाती घेतला.

स्फटिक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे माळेतला मणी किंवा शिवाची पिंडी येते. पण मीठ हा स्फटिकच, आणि आपल्या देवघरातल्या डबीतली खडीसाखर हाही स्फटिकच. खडा हातात घेऊन उजेडात धरा. त्याला सपाट, तकाकणाऱ्या बाजू दिसतील. त्या कोणी घासून केलेल्या नसतात. साखरेचे कण, म्हणजे रेणू, आत एका ठरावीक रीतीने ओळीने बसतात, म्हणून बाहेर तसा आकार येतो.

टुर्मलीन नावाचा एक रंगीत खडा श्रीलंकेतून डच व्यापाऱ्यांनी फार पूर्वी युरोपात नेला होता. तो निखाऱ्याजवळ तापला की राखेचे कण आपल्याकडे ओढून घेई. तापल्यावर त्याच्या एका टोकाला धन वीज येते आणि दुसऱ्या टोकाला ऋण, हे पुढे शास्त्रज्ञांना कळले होते. ह्या दोघा भावांनी असा विचार केला की, उष्णतेने जर हे होते, तर दाबल्यानेही व्हावे. त्यांनी स्फटिकाच्या चकत्या कापल्या, दोन्ही अंगांना कथलाचा पातळ वर्ख लावला आणि चकती चापात धरून दाबली. वीज निघाली! दाब सोडला की उलटी वीज निघाली. हे साल १८८०. पिएर एकवीस वर्षांचे होते. टुर्मलीन, साधी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, पुष्कराज, रोशेल मीठ नावाचा एक क्षार, आणि भगिनींनो, आपली उसाची साखर, इतक्या साऱ्या स्फटिकांत त्यांना ही वीज मिळाली. तिला मराठीत दाबविद्युत म्हणतात. पुढच्याच वर्षी लिपमन नावाच्या शास्त्रज्ञांनी गणिताने दाखवले की, ह्याच्या उलटही घडले पाहिजे. स्फटिकाला वीज दिली तर तो किंचित फुगला वा आकसला पाहिजे. दोघा भावांनी तेही प्रयोग करून खरे ठरवले.

ह्यात मला सर्वांत आवडले ते असे की, त्यांनी दिसेल तो दगड दाबून पाहिला नाही. कोणता स्फटिक वीज देईल हे त्यांनी आधी त्याच्या घडणीवरून ताडले होते. ते मला मुलीने रांगोळीवरून समजावले. आपण अंगणात कमळ काढतो. मधल्या ठिपक्याच्या ह्या बाजूला पाकळी असली की बरोबर समोर तशीच पाकळी असते. ते दोन्ही बाजूंनी सारखे, म्हणून दाबले तरी इकडचे आणि तिकडचे एकमेकांना फेडून टाकतात, शिल्लक काही राहत नाही. पण कुयरी काढली तर? तिला एक टोक आहे, तिला दिशा आहे. तिच्या समोर तिची भरपाई करणारे काही नाही. ज्या स्फटिकाची आतली मांडणी कमळासारखी तो दाबला तरी मुका राहतो. ज्याची कुयरीसारखी तो बोलतो. पुढे १८९४ साली पिएर ह्यांनी ह्यावरच एक मोठा निबंध लिहिला. सगळे अगदी समसमान असले की नवे काही घडत नाही, कोठेतरी समतोल मोडावा लागतो तेव्हाच काही घडते, असा त्याचा सारांश. हा विचार पुढे लक्षात ठेवा, त्याची गरज लागणार आहे.

ह्या शोधावर त्यांनी एक उपकरणही तयार केले. क्वार्ट्झची पातळ लांबट पट्टी टांगायची, तिच्या खाली पारडे. पारड्यात वजन टाकले की पट्टी ताणली जाते आणि वजनाच्या हिशेबात नेमकी वीज देते. दुसरीकडून येणारी अज्ञात वीज हिच्याशी तोलायची. वाण्याच्या तराजूत एका पारड्यात माप आणि दुसऱ्यात डाळ, तसाच हा विजेचा तराजू. इतक्या थोड्या विजेचे इतके चोख माप त्यापूर्वी होत नसे.

१८८३ साली जॅक नोकरीसाठी मॉंपेलिए गावी गेले आणि भावाभावांची ताटातूट झाली. पिएर पॅरिसमध्येच एका नव्या औद्योगिक शाळेत प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. प्रमुख म्हणायचे, पण स्वतःच्या संशोधनाला त्यांना खोली नव्हती. जिना आणि सामानाची खोली ह्यांच्या मधल्या बोळात टेबल टाकून ते काम करीत. बारा वर्षांच्या नोकरीनंतरही पगार महिना ३०० फ्रँकांच्या आसपास, म्हणजे कारखान्यातल्या कसबी कामगाराइतकाच. वरिष्ठांकडे जाऊन मला बढती द्या म्हणायचे त्यांच्या जिवावर येई. मानसन्मान देऊ केला तर ते नको म्हणत. त्या बोळात बसून त्यांनी लोहचुंबकाचा अभ्यास केला. लोखंड तापवत नेले की सुमारे ७७० अंशांना त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. अशी प्रत्येक चुंबकाची आपापली उष्णता ठरलेली असते. तिला आज सारे जग क्युरी तापमान म्हणते. ह्या कामावर त्यांना १८९५ साली डॉक्टर ही पदवी मिळाली. ते तेव्हा पस्तीस वर्षांचे होते.

त्याच्या आदल्या वर्षी, १८९४ च्या वसंत ऋतूत, एका पोलिश प्राध्यापकांच्या बिऱ्हाडी त्यांची मारिया स्क्लोडोव्स्का ह्या विद्यार्थिनीशी गाठ पडली. पिएर ह्यांनी लग्न करायचे नाही असेच ठरवले होते. शास्त्राच्या कामात बायकांचा अडथळा होतो अशी त्यांची समजूत होती. ही मुलगी भेटली आणि ती समजूत पार गळून पडली. मेरीबाईंना मात्र शिक्षण संपवून मायदेशी जायचे होते, वडिलांजवळ राहायचे होते. पिएर ह्यांनी पत्रामागून पत्रे लिहिली. बाईने आपला देश सोडावा की पुरुषाने, हा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी स्वतः पोलंडला यायची तयारी दाखवली. आपल्याकडे हा प्रश्न निघतच नाही, म्हणून मला हे वाचून फार वेळ पुस्तक पुढे नेता आले नाही.

२६ जुलै १८९५ रोजी त्यांचे लग्न झाले. ना अंगठी, ना पंगत. नवरीने पुढे प्रयोगशाळेत घालता येईल असा गडद रंगाचा पोशाख शिवून घेतला होता. आहेरात आलेल्या पैशांच्या त्यांनी दोन सायकली घेतल्या आणि त्यांवरून खेड्यापाड्यांतून हिंडले. संसार अगदी मोजका. मेरीबाई जमाखर्चाची वही ठेवीत, आणि मंद आचेवर सोडून कामाला जाता येईल असे पदार्थ शिकल्या. १८९७ साली इरेन ही थोरली मुलगी झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पिएर ह्यांच्या आई वारल्या आणि वडील ह्यांच्याकडे राहायला आले. नातीला आजोबांनी सांभाळले. ह्या म्हाताऱ्या डॉक्टरांचे नाव कोणत्याच भाषणात येत नाही. पण घरी पोर सुरक्षित आहे हे मन निश्चिंत असल्याशिवाय कोणती आई प्रयोगशाळेत उभी राहील? आपल्याला ते वेगळे सांगायला नको.

त्या वर्षाच्या अखेरीस मेरीबाईंनी आपल्या पदवीसाठी विषय निवडला. युरेनियम ह्या धातूतून काही अदृश्य किरण निघतात असे बेकरेल ह्या शास्त्रज्ञांना १८९६ साली आढळले होते. हे किरण हवेत अगदी क्षीण वीज वाहू देतात. ती मोजायची कशी? इथे पिएर आणि जॅक ह्यांचा क्वार्ट्झचा तराजू कामी आला. पंधरा वर्षांपूर्वी दोन तरुण भावांनी कुतूहलापोटी जे बनवले, ते जणू ह्या सुनेसाठीच करून ठेवले होते. शाळेतल्या एका दमट, गार खोलीत, जिथे हिवाळ्यात पारा सहा अंशांच्या आसपास असे, तिथे बसून एका हाताने पारड्यात वजने टाकायची आणि दुसऱ्या हातात सेकंद मोजणारे घड्याळ. त्या मापांवरून मेरीबाईंनी ओळखले की, एका खनिजात युरेनियमपेक्षाही जोरदार असे काही दडले आहे.

आणि आता ह्या गोष्टीचा गाभा येतो. १८९८ च्या वसंतात पिएर ह्यांनी आपले स्फटिकांचे काम बाजूला ठेवले आणि बायकोच्या कामात ते सामील झाले. काही दिवस मदत करावी, मग परत आपल्या स्फटिकांकडे वळावे, असा त्यांचा बेत होता. ते वळणे कधी झालेच नाही. त्या जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम अशी दोन नवी मूलद्रव्ये त्यांनी जाहीर केली. मग गळक्या छपराच्या एका शेडमध्ये, जिथे पूर्वी वैद्यकीय विद्यार्थी प्रेते चिरीत, तिथे कित्येक टन खनिजाचा चोथा उकळून उकळून १९०२ साली एक दशांश ग्रॅम रेडियमचा क्षार हाती आला. ढवळण्याचे अंगमेहनतीचे काम मेरीबाई करीत आणि किरणांचे गुणधर्म तपासण्याचे पिएर. ह्या कृतीचे पेटंट घेऊन श्रीमंत होता आले असते. दोघांनी मिळून ठरवले की घ्यायचे नाही, ज्ञान सगळ्यांचे आहे.

१९०३ साली नोबेल पारितोषिकासाठी पॅरिसहून जी शिफारस गेली, तिच्यात दोनच नावे होती, बेकरेल आणि पिएर क्युरी. मेरीबाईंचे नाव कोणी लिहिलेच नव्हते. स्वीडनमधील एका गणितज्ञांनी हे पिएर ह्यांना आधी कळवले. पिएर स्वतःसाठी कधी कोणाकडे शब्द टाकत नसत. पण ह्या वेळी त्यांनी तातडीने कळवले की, विचार करायचा तर आम्हा दोघांचा एकत्र करावा. म्हणून त्या यादीत तिसरे नाव आले आणि नोबेल मिळवणारी पहिली स्त्री जगाला दिसली. त्याच सुमारास सरकारने पिएर ह्यांना मोठा किताब देऊ केला, तो त्यांनी नाकारला. आम्हाला किताब नको, प्रयोगशाळा हवी, असा त्यांचा निरोप होता. १९०४ साली सोरबोनमध्ये ते प्राध्यापक झाले आणि मेरीबाईंना त्यांच्या प्रयोगशाळेत पगारी जागा मिळाली. त्याच वर्षी धाकटी ईव्ह जन्मली.

परंतु शरीर थकत चालले होते. पिएर ह्यांनी रेडियम आपल्या दंडावर ठेवून त्याने जखम होते हे स्वतःवर पाहिले होते. हाडे दुखत, रात्रीची झोप लागत नसे. रेडियम शरीराला किती घातक आहे हे तेव्हा कोणालाच पुरते ठाऊक नव्हते. १९ एप्रिल १९०६ रोजी, पावसात, पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर ते घसरून पडले आणि जड माल भरलेल्या घोडागाडीचे चाक त्यांच्या डोक्यावरून गेले. वय फक्त सेहेचाळीस. विद्यापीठाने त्यांची जागा मेरीबाईंना दिली. ५ नोव्हेंबरला त्या वर्गात उभ्या राहिल्या, आणि दुःखाचा एक शब्दही न काढता यजमानांनी शिकवणे जिथे सोडले होते तिथून पुढे शिकवू लागल्या. सासऱ्यांनी १९१० साली डोळे मिटेपर्यंत त्यांच्या मुली सांभाळल्या. १९११ साली मेरीबाईंना दुसरे नोबेल मिळाले. पुढे १९२३ साली त्यांनी यजमानांचे चरित्र लिहिले.

इथे पुष्कळांच्या दृष्टीने गोष्ट संपते. पण बायकोसाठी बाजूला ठेवलेल्या त्या स्फटिकांचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

पिएर ह्यांचे विद्यार्थी लांजव्हँ ह्यांनी पहिल्या महायुद्धात क्वार्ट्झला वीज देऊन तो थरथरवला आणि कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यात सोडून पाणबुडीचा माग काढण्याची युक्ती शोधली. तीच युक्ती आज सोनोग्राफीत आहे. आपल्या लेकीसुनांच्या पोटावर डॉक्टरीणबाई जो ठोकळा फिरवतात, त्याच्या आत असाच थरथरणारा पदार्थ असतो. मनगटावरच्या घड्याळात क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि वेळ राखतो. आणि बॅटरी नसलेला, दाबला की टक् करणारा गॅसचा लायटर तर आपण रोज सकाळी उठून हातात घेतो. आतली हातोडी एका दाबविद्युत खड्यावर बसते आणि ठिणगी पडते. म्हणजे १८८० सालचा तो शोध आपल्या ओट्यावरच आहे.

त्या भावांच्या यादीतल्या रोशेल मिठाची कथा आणखी गमतीची. सतराव्या शतकात ला रोशेल गावच्या एका औषधवाल्याने ते पोट साफ होण्यासाठी तयार केले. १९२० साली अमेरिकेत व्हालासेक ह्या शास्त्रज्ञांना त्यात एक नवाच गुण दिसला. त्याला फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. ते असे समजा. साडीच्या पदरावर कुयऱ्या विणल्या आहेत. एका पट्ट्यात सगळ्यांची टोके वर, शेजारच्या पट्ट्यात सगळ्यांची खाली. बाहेरून वीज दिली की एका पट्ट्यातल्या साऱ्या कुयऱ्या एकदम उलटतात, आणि वीज काढून घेतली तरी तशाच राहतात. पदार्थाला जणू आठवण राहते. म्हणून यंत्रांत माहिती साठवण्यासाठी असे पदार्थ उपयोगी पडतात. लोहचुंबकासारखेच ह्यालाही क्युरी तापमान असते. त्याच्यावर तापले की हा गुण जातो. रोशेल मिठाचे ते सुमारे २४ अंश. म्हणजे आपल्या वैशाखात त्याची आठवण पुसूनच जायची. शिवाय ते ओलाव्याने विरघळते. तरी ग्रामोफोनच्या पिनेचा थरथराट विजेत बदलण्यासाठी ते पूर्वी खूप वापरले गेले.

पुढे भाजून केलेले चिनीमातीसारखे टणक पदार्थ आले. ते टिकाऊ खरे, परंतु त्यांतल्या सर्वांत चांगल्या प्रकारात शिसे असते आणि ते हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजावे लागतात. शिसे मुलाबाळांना किती वाईट हे आपण जाणतो. म्हणून आज शास्त्रज्ञ पुन्हा रोशेल मिठाच्या वाटेला लागले आहेत. साखरेसारखे रेणूंचे बनलेले, द्रावणातून खडीसाखरेसारखे वाढवता येणारे, हलके, शिसे नसलेले, पण उन्हाळ्यात न विसरणारे असे फेरोइलेक्ट्रिक त्यांना हवे आहेत. २०१० साली जपानमध्ये क्रोकोनिक आम्लात हा गुण साध्या तापमानाला सापडला. २०१३ साली चीनमधील नानजिंगच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह एका ब्रोमाइड क्षारात तो १५३ अंशांपर्यंत टिकतो असे दाखवले.

हे पट्टे डोळ्यांना कसे दिसायचे? नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या एका केसाच्या जाडीत ते सुमारे ८० हजार मावतील. इतके बारीक बघायला १९८६ साली एक सूक्ष्मदर्शक निघाला, त्यात भिंगच नाही. आंधळा माणूस बोटाने चाचपतो, तशी अतिसूक्ष्म टोकाची एक सुई पदार्थावरून फिरते. फेरोइलेक्ट्रिक तपासताना तिच्यातून किंचित वीज सोडतात. खालचा पदार्थ फुगतो, आकसतो आणि सुईला ते कळते. कुयऱ्या वर असल्या तर एका तऱ्हेने, खाली असल्या तर उलट तऱ्हेने. असे चाचपत सगळ्या पट्ट्यांचा नकाशा तयार होतो. वीज वाढवली तर सुईखालच्या कुयऱ्या उलटतातही. किती विजेला उलटतात, कोठे अडकतात, हे त्या नकाशात दिसते. ते पाहून रसायनवाले रेणूत बदल करतात. कोठे हायड्रोजन काढून फ्लोरीन बसवतात, कोठे गोल, सारख्या रेणूला मुद्दाम एकांगी करतात. मग पुन्हा सुई फिरवून पाहतात. कमळाची कुयरी करायची, समतोल मोडायचा, हा पिएर क्युरींचाच धडा.

आणि ती सुई केसाच्या हजाराव्या भागाइतकी कशी हलवतात ठाऊक आहे? वीज दिली की फुगणाऱ्या त्याच दाबविद्युत पदार्थाने. म्हणजे सुई हलवणारा हातही क्युरी बंधूंचा आणि सुईला होणारा स्पर्शही त्यांचाच. काम अर्धे राहिले असे त्यांना वाटले असेल. ते वाया मात्र गेले नाही.

भगिनींनो, माझ्या माहितीतल्या एका घरी सुनेने पापड-लोणच्यांचा धंदा उभा केला. पहाटे चारला उठून उडीद दळले, गिऱ्हाईक तिने जोडले. पाटी लागली ती मुलाच्या नावाची. त्या घरात वाईट कोणीच नाही. फक्त तिचे नावही लिहा असे सांगायला कोणी उठले नाही, एवढेच. पिएर क्युरी उठले. जे स्वतःच्या पगारासाठीही तोंड उघडत नसत, ते बायकोच्या नावासाठी बोलले. मला त्यांच्या साऱ्या शोधांत हा एक शब्द मोठा वाटतो.

१९९५ साली फ्रान्सने त्या दोघांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, देशातल्या थोरांच्या समाधिस्थानी, शेजारी शेजारी ठेवल्या. आपणही त्या दोघांना शेजारी ठेवू या. मुलींना मादाम क्युरी सांगतो तशाच सांगू या, पण घरातल्या मुलग्यांना बोलावून पिएर क्युरी सांगू या. शाळेत मागे पडणाऱ्या पोरालाही ते सांगू या. पुढच्या महिला दिनाला एखाद्या मुलाने ह्या विषयावर भाषण केले, तर त्याचे बक्षीस मी माझ्याकडून देईन.